ब्लँकेट वाटण्याआधी

जनगणनेच्या हिशेबात बेघर म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर म्हणावे असे काहीच नाही तो. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर रात्र काढणारी माणसे या हिशेबात मोजली जातात. मोडक्या झोपडीत राहणारा कितीही गरीब असला तरी त्यात येत नाही. २०११च्या जनगणनेत देशात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे नोंदली गेली. महाराष्ट्रात ती २ लाख ११ हजारांच्या आसपास होती, मध्य प्रदेशात १ लाख ४६ हजारांच्या. या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या मते खरा आकडा याहून बराच मोठा आहे. ते पटण्यासारखे आहे, कारण ज्याला पत्ताच नाही त्याला मोजायला मुद्दाम रात्री बाहेर पडावे लागते.

या आकड्यांतली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. १७ लाख ७३ हजारांपैकी जवळपास ८ लाख ३५ हजार माणसे खेड्यांतली होती. बेघर म्हटले की मुंबईचा फुटपाथ डोळ्यांपुढे येतो, पण जवळपास निम्मे बेघर शहराबाहेर आहेत. त्यांच्यासाठी काय करायचे हे ठरवण्याची वेळ तिगावसारख्या गावावरही येते.

तिगाव मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा तालुक्यात आहे. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि पांढुर्णा जिल्हा झाला. कारभार हिंदीत, घरातली बोली मराठी, बाजार आणि दवाखाना बऱ्याचदा नागपूरला, असा हा सीमेवरचा मुलूख. नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडले की मुलताईच्या दिशेने तिगावचे छोटे स्टेशन लागते. हाच दिल्ली-चेन्नई मुख्य मार्ग. नागपूर-बैतूल महामार्गही पांढुर्ण्यावरूनच जातो. एवढ्या वाहत्या वाटेवरच्या गावात बाहेरचा माणूस येणारच, आणि त्यातला एखादा उतरून तिथेच राहणार.

हे उतरणारे आणि राहणारे सगळे एकसारखे नसतात, आणि सेवेचा बेत बहुतेक वेळा फसतो तो इथेच. संत्र्याच्या तोडणीला किंवा कापूस वेचायला आलेले मजूर कुटुंब उघड्यावर झोपते, पण त्याला गावी घर असते. त्याला हवे असते पाणी, शौचालय, मुलांना सांभाळणारे कोणी आणि ठरल्याप्रमाणे मजुरी. बसस्टँडवर वर्षानुवर्षे पडून असलेल्या म्हाताऱ्याला घरातून काढलेले असते, किंवा दारूपायी तो स्वतःच बाहेर पडलेला असतो. त्याला पेन्शनचा कागद आणि रोजचे दोन घास हवेत. केसांच्या जटा झालेला, अंगावर चिंध्या, स्वतःशीच बोलत रुळाच्या कडेने चालत आलेला माणूस बहुधा मनाने आजारी असतो आणि त्याचे घर हजार किलोमीटरवर असू शकते. त्याला आधी डॉक्टर हवा. या तिघांना रांगेत बसवून एकेक ब्लँकेट दिले तर वाटणाऱ्यांचा कार्यक्रम पार पडतो, पण तिघांचीही अडचण होती तिथेच राहते.

या मुलखाला अशा कामाची ओळख नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांना पुढे सारा महाराष्ट्र गाडगे महाराज म्हणून ओळखू लागला. वरूड लागले की अमरावती जिल्हा. म्हणजे ते पांढुर्ण्याच्या शेजारचेच. अंगात चिंध्यांची गोधडी, हातात खराटा, जवळ एक गाडगे. घर सोडल्यावर ते आयुष्यभर उघड्यावर किंवा मिळेल त्या ओसरीवर झोपले. त्यामुळे धर्मशाळा बांधताना तिथे नेमके काय लागते ते त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. गावात शिरले की आधी झाडलोट, मग रात्री कीर्तन, आणि कीर्तनातून जमलेले पैसे धर्मशाळेला किंवा सदावर्ताला. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधला गेला आणि आंधळ्यापांगळ्यांच्या जेवणाची सोय झाली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा गावोगावहून रोग्याबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी होती. रोगी आत खाटेवर आणि त्याची बायको बाहेर फुटपाथवर, हे तेव्हाही चालत होते आणि आजही कोणत्याही मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर दिसते.

गाडगेबाबांच्या कामात आजच्या मंडळांनी उचलण्यासारखे आहे ते त्यांचे व्यवस्थापन. त्यांना अक्षरओळख जवळजवळ नव्हती, पण संस्थांचे विश्वस्त त्यांनी नेमले, १९५२ साली गाडगे महाराज मिशनची रीतसर स्थापना केली, आणि आपल्या नात्यातल्या कोणाला या वास्तूंचा लाभ मिळू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गरजूंसाठी करायच्या कामांची जी यादी त्यांच्या नावाने गावोगावी भिंतींवर रंगवलेली असते, तिच्यात बेघरांना आसरा हे कलम अन्न, पाणी, वस्त्र आणि शिक्षणाच्या बरोबरीने आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुण्यतिथीला, ऐन थंडीत, वऱ्हाडात आणि त्याच्या शेजारमुलखात जागोजागी कार्यक्रम होतात. तुकडोजी महाराजांनी गुरुदेव सेवा मंडळांच्या रूपाने श्रमदानाची जी सवय लावली तिचीही याला जोड मिळाली. खेड्यात वीस माणसे जमवायला आजही भजनी मंडळाइतके हुकमी साधन दुसरे नाही.

सरकारी बाजूने पाहिले तर या विषयाला वळण मिळाले ते २०१० साली. दिल्लीत कडाक्याच्या थंडीत महापालिकेने पुसा रोडवरचा एक तात्पुरता निवारा पाडला आणि उघड्यावर आलेल्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. अन्नाच्या हक्काच्या चालू खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असणारा एक निवारा असावा असा आदेश दिला. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी योजना आली. दर लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा, असे तिचे माप होते. महाराष्ट्रात अशा जागेला बेघर निवारा केंद्र म्हणतात, मध्य प्रदेशात रैन बसेरा किंवा आश्रयस्थळ.

पण ही सगळी योजना शहरासाठी. ग्रामपंचायतीच्या हद्दीत रात्रीचा निवारा चालवायला तसा ठरलेला निधी नाही. गावातल्या बेघराचा विचार होतो तो घरकुलाच्या यादीत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात निवारा नसलेले कुटुंब आपोआप पात्र ठरते, पण घर बांधायला जागा लागते आणि नाव यादीत यायला त्या गावचे रहिवासी असावे लागते. रेल्वेतून उतरलेला माणूस यांपैकी कशातच बसत नाही. हे भगदाड कायदा बुजवेल तेव्हा बुजवेल. तोवर पांढुर्णा नगरपालिका, नागपूरची निवारा केंद्रे आणि गावातली माणसे यांची साखळी जोडणे एवढाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

सेवेचा कार्यक्रम आखताना पहिले काम मोजणीचे. तीही रात्रीची. रात्री अकरानंतर दोन-दोन माणसांच्या जोड्या करून, त्यांपैकी एक जोडी बायकांची ठेवून, स्टेशन, बसस्टँड, देवळांच्या ओसऱ्या, बाजार समितीचे ओटे, बंद दुकानांच्या पायऱ्या आणि महामार्गावरचे ढाबे फिरून यावे. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारू नये, त्याला हलवून उठवू नये. जागा असेल तर नाव, भाषा, गाव आणि काही दुखत-खुपत आहे का एवढेच विचारावे. जो बोलत नाही त्याच्यापुढे अंदाजे वय आणि जागा लिहावी. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर यादीत कायमचे कोण आणि वाटसरू कोण हे कळते. पोलिस ठाणे आणि स्टेशनमास्तरांना आधी कल्पना द्यावी लागते. फलाट रेल्वेचा असल्याने तिथे काही वाटायचे तर परवानगी हवी. ही यादी पुढेही उपयोगी पडेल. २०२७च्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. प्रगणकाबरोबर गावातला माहीतगार माणूस असेल तर बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे झोपणारा म्हातारा सुटणार नाही.

यादी झाली की जेवण. तिगावात किंवा पांढुर्ण्यात अन्न कमी पडत नाही. भंडारे, महाप्रसाद, तेरवीच्या पंगती वर्षभर चालू असतात. अडचण आहे ती एका दिवशी चार भंडारे आणि नंतर दहा दिवस काही नाही याची. म्हणून कोणी महाप्रसाद केव्हा करणार याचे एक साधे वेळापत्रक मंडळांनी आपसात वाटून घेतले तर नवा पैसा न लावता आठवडा भरून निघतो. उरलेले अन्न वाटायचे तर पंगत उठल्या उठल्या वाटावे. कोमट भात चार-पाच तास झाकून ठेवला की त्यात जंतू वाढतात, आणि पुन्हा गरम केला तरी त्यांनी केलेले विष जातेच असे नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली उरलेले अन्न गोळा करून वाटणाऱ्यांसाठी नियम केले आहेत. गावच्या मंडळाने ते अक्षरशः पाळले नाहीत तरी वेळ, झाकण आणि हात धुणे या तीन गोष्टींवर तडजोड नको.

काय द्यावे यालाही महत्त्व आहे. तर्रीची भाजी पाहुण्यांना शोभते. दोन दिवस उपाशी असलेल्या पोटाला ती सोसत नाही. दात पडलेल्या माणसाला कडक भाकर चावत नाही. मऊ खिचडी, वरण-भात, कुस्करलेली पोळी, केळी आणि भरपूर पाणी हा जेवणाचा बरा बेत. फार दिवस उपाशी असलेल्याला थोडे थोडे, तासातासाने द्यावे. रोज शिजवणे जमत नसेल तर एक वार धरावा आणि तो चुकवू नये. मंगळवार म्हणजे मंगळवार. पाऊस असो की पोळा, त्या वेळी त्या जागी माणूस हजर असला की तीन-चार आठवड्यांत समोरचा आपणहून बोलू लागतो, आणि नाव-गाव त्या बोलण्यातूनच कळते. वर्षातून एकदा पाचशे माणसांना जेवू घालण्यापेक्षा पंधरा जणांना बावन्न मंगळवार जेवू घालणे अवघड आहे, आणि उपयोगी तेच आहे.

ब्लँकेटचेही असेच. सातपुड्याच्या पायथ्याशी पौषात रात्री चांगल्याच गारठतात. पण सिमेंटच्या फलाटावर झोपलेल्याला थंडी वरून वाजते त्याहून जास्त खालून वाजते. अंगावर दुसरे ब्लँकेट टाकण्यापेक्षा अंगाखाली बारदान्याची दुहेरी घडी आणि तिच्याखाली ताडपत्रीचा तुकडा दिला तर ऊब अधिक टिकते. भटकणारा माणूस जड रजई सोबत नेऊ शकत नाही. सकाळी ती कुठेतरी टाकून देतो किंवा कोणीतरी उचलते. हलके, गडद रंगाचे, पटकन वाळणारे पांघरूण, कानटोपी आणि मोजे त्याच्या कामाचे. उन्हाळ्यात हाच हिशेब उलटा होतो. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उघड्यावरच्या माणसाला उन्हाळा थंडीइतकाच जिवावर बेततो. तरी ब्लँकेट वाटणारी मंडळे एप्रिलमध्ये गायब असतात. सावली, माठाचे पाणी, मीठ-साखरेचे पाणी आणि दुपारी बाराला एक फेरी एवढेच तेव्हाचे काम.

जुन्या कपड्यांबाबत अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘गूंज’ने एक शिस्त घालून दिली. या कामासाठी त्यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कपडा धुऊन, दुरुस्त करून, मापाप्रमाणे लावून द्यायचा, आणि शक्य तिथे तो गावातल्या श्रमाच्या बदल्यात द्यायचा, म्हणजे घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखे वाटत नाही. चेन तुटलेली पँट, बटणे गेलेला सदरा आणि लग्नातली जरीची साडी यांचा ढीग चौकात ओतणे म्हणजे आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे. बायकांसाठी आतले कपडे, पॅड आणि आंघोळीला आडोसा या तीन गोष्टींची आठवण वाटणाऱ्या पुरुषांना बहुधा राहत नाही. बचत गटातल्या बायका सोबत असल्या की ती राहते.

आरोग्याची फेरी जेवणाच्याच दिवशी जोडावी, कारण तेव्हा माणसे एका जागी सापडतात. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळांबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांना तिथेच तपासतात आणि ओळख वाढली की त्यांना छोट्या कामाकडे वळवतात. त्यांची पद्धत कोणत्याही गावाला अंगीकारता येईल. उघड्यावर राहणाऱ्यांत पायाच्या जखमा, खरूज, रक्तक्षय, मोतीबिंदू आणि क्षय जास्त. खरूज एकट्याची बरी करून भागत नाही. एकत्र झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावून कपडे-पांघरुणे गरम पाण्यात काढावी लागतात. क्षयाच्या गोळ्या किमान सहा महिने चालतात, म्हणून त्या माणसाला गोळी रोज कोण देणार, आशाताई की चहाच्या टपरीवाला, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. गावातला सलूनवाला महिन्यातून एक सकाळ द्यायला सहसा नाही म्हणत नाही. केस कापण्याआधी मात्र त्या माणसाला विचारावे लागते. धरून-बांधून केलेली आंघोळ ही सेवा होत नाही.

कागदपत्रे हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत फलदायी भाग. मध्य प्रदेशात पेन्शन असो की शिधा, समग्र आयडी या राज्याच्या ओळखक्रमांकावाचून काही पुढे सरकत नाही, आणि आयडी निघतो तो स्थानिक पत्त्यावर. काटोल-नरखेडचा माणूस पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर दहा वर्षे राहिला तरी दोन्ही राज्यांच्या यादीत नसतो. मतदारयादीचा नियम मात्र उदार आहे. बेघर माणसाने अर्जात झोपण्याची जागा लिहिली की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन तो खरेच तिथे झोपतो का हे पाहायचे. तसे आढळले तर पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. अडलेली प्रकरणे घेऊन मंगळवारच्या जनसुनवाईला जिल्हाधिकाऱ्यांपुढे जाता येते. त्या बेघर माणसाला सोबत न्यावे. नुसत्या अर्जापेक्षा समोर उभ्या असलेल्या माणसाची दखल लवकर घेतली जाते.

आधार नोंदणीचा एक अनपेक्षित उपयोग २०२१ साली नागपुरात दिसला. साधारण आठ वर्षांचा असताना नागपूर स्टेशनवर सापडलेला, नीट बोलता न येणारा एक मुलगा एका कुटुंबाने वाढवला होता. शाळेसाठी त्याचे आधार काढायला गेले तर अर्ज पुन्हा पुन्हा नाकारला जाई. शोध घेतल्यावर कळले की त्याच्या बोटांचे ठसे जबलपूरच्या पत्त्यावर आधीच नोंदलेले आहेत. जवळपास दहा वर्षांनी तो आईवडिलांकडे परतला. जबलपूरहून इटारसीमार्गे नागपूरला येणाऱ्या गाड्या तिगाववरूनच जातात. अठराखालचे मूल एकटे सापडले तर त्याला कोणी घरी ठेवून घेऊ नये. १०९८ला फोन करावा. कायद्याप्रमाणे २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे जायला हवे.

मनाने आजारी असलेल्या भटक्या माणसाबाबत २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट आहे, आणि गावात तो फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याच्या १००व्या कलमाप्रमाणे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस हद्दीत फिरताना दिसला तर त्याला संरक्षण देणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे, कोठडीत डांबायचे नाही, आणि बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरचे शोधायचे. म्हणजे असा माणूस दिसल्यावर मंडळाने ठाण्यात लेखी कळवले की पुढची जबाबदारी कायद्याने पोलिसांची होते. प्रत्यक्षात ठाण्याला गाडी, सोबतीला माणूस आणि दवाखान्यात चार तास थांबायला कोणीतरी लागते. मंडळाने तेवढे पुरवले तर काम होते. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे. मोठा उपचार लागला तर नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. राज्य बदलते म्हणून कागद वाढतात, पण ग्वाल्हेर किंवा इंदूरपेक्षा ते कितीतरी जवळ.

सौंसर तालुक्यातल्या जामसावळीचा विचार इथे वेगळा करावा लागतो. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाच्या या देवस्थानात मूर्तीच्या नाभीतून येणारे पाणी घेतले की आजार जातो अशी श्रद्धा आहे. मनाचे आजार असलेल्यांना घेऊन दूरदूरची कुटुंबे तिथे येतात आणि मुक्काम करतात. या श्रद्धेवर तोंडसुख घेऊन काही साधत नाही, आणि तिच्याकडे काणाडोळा करणेही बरोबर नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हापासून हा प्रश्न देशाला नीट कळला आहे. आजच्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून दुवा आणि दवा दोन्ही एकाच आवारात मिळू लागल्या. मुजावर स्वतःच माणसाला डॉक्टरकडे पाठवतात. जामसावळीत मंगळवार-शनिवारच्या गर्दीत मानसोपचाराचे एक टेबल मांडले, तर बेघर होण्याच्या वाटेवर असलेली कित्येक माणसे तिथेच थांबवता येतील. कुटुंबाने थकून मागे सोडलेला रोगी बेघर व्हायला वेळ लागत नाही.

अशा माणसांना घरी पोचवण्याचे काम महाराष्ट्रात कसे होते हे पाहण्यासारखे आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना पाहिले. उपचारांनंतर तो शिकलेला निघाला. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था सुरू झाली आणि २००६ साली कर्जतला तिचे केंद्र उभे राहिले. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाला तोवर सात हजारांहून अधिक माणसे आपापल्या घरी गेली होती. पद्धत सरळ आहे. औषध लागू पडले की काही आठवड्यांत माणसाला गावाचे नाव, नदी, शाळा, एखादे देऊळ आठवू लागते. मग त्याची भाषा जाणणारा कार्यकर्ता त्याच्यासोबत रेल्वेने जातो. अहिल्यानगरजवळ शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली सेवा प्रतिष्ठान ही संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना सांभाळते. त्यांतल्या अनेकींना परत जायला घर उरलेलेच नसते. प्रत्येकाला घरी पोचवणे हेच यश मानले तर या स्त्रिया हिशेबातून गळतात.

जगात या प्रश्नावर जे प्रयोग झाले त्यांत घर आधी, सुधारणा नंतर, हा सर्वांत यशस्वी ठरलेला आहे. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची सुरुवात झाली, आणि २००८पासून फिनलंडने ते देशाचे धोरणच केले. दारू सोड, औषध घे, मग खोली देऊ, असे न म्हणता आधी किल्ली द्यायची. फिनलंडमध्ये बेघरांची संख्या त्यानंतर बरीच घटली. तिथे सरकारी घरे होती म्हणून हे जमले हे खरे. तिगावात तेवढी घरे नाहीत, पण ग्रामपंचायतीची एखादी वापरात नसलेली खोली असू शकते. दार, कडी, बल्ब आणि शौचालय असलेली एक खोली दोन माणसांना वर्षभरासाठी मिळाली तर तो निवाराच.

पैशाच्या बाबतीत खेड्यातले मंडळ सहसा हिशेबाच्या अळमटळमीपायी मोडते. आलेली रक्कम, धान्य, कपडे आणि खर्च महिन्याच्या महिन्याला मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर लिहिला की वाद निम्मे मिटतात. रोख मदत बेघराच्या हातात देऊ नये. प्रवास, औषध किंवा कागदाच्या कामी मंडळाने स्वतः खर्च करावी. इंदुरात १ जानेवारी २०२५पासून भीक देणाऱ्यावरही कारवाईचा आदेश लागू झाला. त्यामुळे संघटित सेवा आणि भीक यांतला फरक नोंदवहीतून दाखवता येणे आता गरजेचे आहे. फोटोंबाबत एकच नियम पुरे: घेणाऱ्याचा चेहरा नको. ताट हातात देतानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला की तो माणूस पुढच्या मंगळवारी येत नाही.

घरी पोचवलेल्या माणसाचे नाव यादीतून लगेच खोडू नये. मनाच्या आजारावरच्या गोळ्या महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात, आणि त्या बंद पडल्या की बरेच जण पुन्हा बाहेर पडतात. म्हणून निघताना त्याच्या घरच्यांच्या हातात चिठ्ठी, निदान महिनाभराच्या गोळ्या आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव द्यावे. त्यांचा फोन नंबर वहीत लिहून पहिले वर्षभर दर महिन्याला एक फोन करावा. ज्या मंडळाकडे हा फोन करणारा माणूस ठरलेला नाही, त्याने घरवापसीचे काम अंगावर घेण्यापूर्वी तो आधी ठरवावा.